तिसऱ्या लॉटमधल्या स्प्रिंगा

१

शेवटच्या साध्या दिवशी आण्णा माझ्याशी एका खुनावरून भांडत होते.

खून पुस्तकातला होता. मी धाराशिवच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. शनिवारी त्याच जिल्ह्यातल्या वाशीला घरी येताना आण्णांसाठी एक रहस्यकथा पिशवीत असायचीच. आण्णा आधी शेवटचं पान वाचत, मग पहिल्यापासून सुरुवात करत, आणि तरीही अर्ध्यात आले की लेखकाशी त्यांचं बिनसे.

"डॉक्टरनं खून केला न्हाय," ते त्या रविवारी म्हणाले.

"आण्णा, शेवटच्या पानावर त्यानं कबूल केलंय. तुम्ही वाचलंय ते."

"कबूल केलं म्हणून काय झालं? चाळीस पानं हा माणूस गोरगरिबाला फुकट औषध देतोय आन् एकेचाळिसाव्याला जहर देतोय व्हय? लेखकाची तपासणी कच्ची हाय."

तपासणी हा त्यांचा शब्द. तीस वर्षं ते साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर गावाबाहेरच्या रणधीरच्या स्प्रिंगांच्या शेडमध्ये तपासनीस झाले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीही सकाळी आठला सायकलवर. हातात येईल ते ताणून बघायची त्यांना खोडच होती. नवी दोरी, चपलेचा पट्टा, आईनं मळलेली कणीक.

त्या दुपारी त्यांनी हरभऱ्याचे घाटे सोलले आणि सोलता सोलता निम्मे खाल्ले. संध्याकाळी मला एसटीला सोडायला आले. कंडक्टरला म्हणाले, "माझ्या पोरीला खिडकी द्या. तिला वाचायला उजेड लागतो." मी एकेचाळीस वर्षांची. सगळी बस हसली. मीही हसले.

सोमवारी सकाळी सात वाजता आईचा फोन आला. आण्णा आंघोळीचं पाणी काढता काढता खाली बसले होते आणि उठले नव्हते.

२

तेराव्यानंतरच्या रविवारी रणधीर घरी आला. मूळचा जवळच्या ईट गावचा, पस्तिशीतला, डिप्लोमा झालेला, बोलायला लागला की थांबायचं विसरणारा. त्या दिवशी मात्र तो नुसती चहाची बशी फिरवत बसला. शेवटी त्यानं खिशातून घडी घातलेलं पत्र काढून माझ्यापुढं ठेवलं.

पत्र पुण्याच्या एका ठेकेदार कंपनीचं होतं. रणधीरच्या शेडनं त्यांना चारशे स्प्रिंगा करून दिल्या होत्या. बोटाएवढ्या स्प्रिंगा, पण जायच्या होत्या एका अणुवीज केंद्रात. तिथं आणीबाणीच्या पाण्याचा पंप चालू करणारे मोठे ब्रेकर, म्हणजे विजेचे स्विच, आहेत. ब्रेकर जुने, ते बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. म्हणून झिजलेले भाग बदलायचे तर ते असे लहान शेडमधून करून घ्यावे लागतात. बाकीच्या सगळ्या सोयी बंद पडल्या तर अणुभट्टी थंड ठेवायचं काम या पंपाचं. स्प्रिंग तुटली तर ब्रेकर लागत नाही, आणि ब्रेकर लागला नाही तर पंप चालू होत नाही.

केंद्राच्या दुरुस्ती विभागात चोवीस ब्रेकरांना या स्प्रिंगा एकेक बसवून ताणून ठेवल्या होत्या. आठवड्याभरात सात तुटल्या. ब्रेकर अजून जागेवर गेले नव्हते म्हणून निभावलं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, तपासनिसाने चाचणी न करताच सह्या केल्याचे दिसते.

"पुढच्या सोमवारी केंद्राच्या इंजिनिअर मॅडम येणार हायेत," रणधीर म्हणाला. "ताई, राग मानू नका. कंपनीवाले म्हणतेत, तपासनिसाची चूक असंल तर तसं लिहून द्या, तपासनीस बदला, काम चालू ऱ्हाईल. पण शेडची पद्धतच चुकीची निघाली तर आपलं नाव यादीतून कट. अकरा माणसं हायेत माझ्याकडं. आन् आण्णा तर आता... म्हणजे, त्यांना काय फरक पडणार हाय?"

आई दारात उभी होती. ती आत येऊन बसली.

"रणधीर," ती म्हणाली, "हे मला बघायला आले तेव्हा यांना बसायला खुर्ची दिली. यांनी आधी ती खुर्ची चारी पायांवर हलवून बघितली, मग बसले. माझे वडील म्हणाले, मुलगा खुर्ची बघायला आलाय का मुलगी? तो माणूस न बघता सही करतो?"

रणधीर हसला, आणि मग आपण हसलो म्हणून ओशाळला.

"सोमवारपर्यंत काही लिहून देऊ नकोस," मी म्हणाले.

"तवर तुमी काय करणार, ताई?"

मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तरी तोंडातून शब्द गेला. "तपासणी."

३

शेड म्हणजे पत्र्याचा लांबट हॉल. एका टोकाला तार वळवायची यंत्रं. मग नागप्पाच्या मुलाम्याच्या टाक्या, तिथं स्प्रिंगांवर जस्त चढतं. त्यापुढं कपाटाएवढी विजेची भट्टी, आणि खिडकीशी आण्णांचं टेबल. टेबलावर त्यांनी स्वतः बनवलेला ताणकाटा होता. स्प्रिंग दोन आकड्यांत अडकवायची, दांडी ओढायची, काटा कुठं जातो ते बघायचं. त्यांचा चष्माही तिथंच होता. मी तो पर्समध्ये ठेवला.

रणधीरनं तुटलेल्या सात स्प्रिंगा कागदावर मांडल्या.

"या कुठल्या लॉटमधल्या, कळतं का?" मी विचारलं.

ते पत्रातच होतं. ऐंशी-ऐंशीचे पाच लॉट, दहा-दहाच्या पुड्या, पुडीवर लॉटची चिठ्ठी. केंद्रातल्या लोकांनी चिठ्ठ्या जपल्या होत्या. चोवीसपैकी आठ स्प्रिंगा तिसऱ्या लॉटमधल्या होत्या. त्या आठांतल्याच सात गेल्या होत्या. बाकीच्या सोळांतली एकही तुटली नव्हती.

"म्हणजे रोग एकाच लॉटला आहे," मी म्हणाले.

"आण्णांनी त्या दिवशी आळस केला असंल."

मी भिंग आणलं होतं. ग्रंथालयात जुन्या पोथ्यांसाठी वापरतो ते. तुटलेल्या स्प्रिंगेच्या टोकाचं कडं भिंगाखाली धरलं. कड्याच्या आतल्या बाजूला जस्तावर दोन बारीक समांतर ओरखडे होते. दुसऱ्या स्प्रिंगेलाही तेच. सातही स्प्रिंगांना तेच.

मग आण्णांच्या ताणकाट्याचा आकडा बघितला. स्प्रिंग घसरू नये म्हणून त्यांनी कानशीनं त्यात एक खाच पाडली होती. मी नागप्पाकडून एक कोरी स्प्रिंग मागून घेतली, आकड्यात अडकवली, ओढली, काढली. कड्यात दोन समांतर ओरखडे.

"बघ," मी भिंग रणधीरच्या हातात दिलं. "हे दोन ओरखडे दुसरं कुठलंही यंत्र पाडणार नाही. प्रत्येक स्प्रिंग आण्णांनी ताणून बघितली आहे."

रणधीर बराच वेळ भिंगातून बघत राहिला. त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "मग हे तर जास्ती वाईट झालं. न बघता सही केली असती तर निदान आळस म्हणता आला असता. बघून, ताणून, खराब माल पास केला म्हणल्यावर लोक काय म्हणतील?"

४

धुरपदाबाई शेडमध्ये पुड्या बांधतात, भट्टीतला डबा बाहेर काढतात आणि सगळ्यांची उणीदुणी सांभाळतात. साठीच्या आहेत. लहानपणी मला त्यांनी कडेवर घेतलंय, आणि हे त्या दर भेटीत सांगतात.

"ये माय, बस. लई वाळलीस. पुस्तकं खाऊन पोट भरतंय व्हय?"

"मावशी, मला तिसऱ्या लॉटचं विचारायचंय."

"इच्चार की. पोलिसावानी उभं राहून नको पण."

मी बसले. त्यांनी पुड्यांचा ढीग माझ्यापुढं सारला. बोलायचं तर हातही चालवायचा, असा त्यांचा नियम आहे.

"तार खराब असेल का?" मी विचारलं.

"तार कशी खराब? दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या लॉटला एकाच भेंडोळ्याची तार. भेंडोळं म्याच सोडलं, हे बघ, अंगठा कापला. तार खराब असती तर तिन्ही लॉट तुटले असते. एवढं तर मला बिनशाळेचीला कळतंय."

"मग भट्टी? नीट चालते ना?"

"भट्टीला काय धाड भरली? रोजचं ठरलेलं हाय. नऊपर्यंत नागप्पाचा मुलामा उरकतो, साडेनऊला डबा आत, आठ तासांनी, म्हंजे साडेपाचला, भट्टी आपलं आपण बंद. स्प्रिंगा रातभर आतच. सकाळी आठला म्या डबा काढते. थंडीच्या दिसांत तर डबा असा गार असतो की पदरानं धरावा लागतो." त्या थांबल्या आणि स्वतःशीच हसल्या. "एक दिवस तेवढी भट्टी मला पावली. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी. नागप्पाच्या शेतातल्या पंगतीची चिंच घातलेली पालेभाज्यांची भज्जी उरली व्हती, ती म्या डब्यात आणली व्हती. भट्टी उघडली तर आत चांगली ऊब. भज्जीचा डबा ठेवला आतमधी. नऊला आमी समद्यांनी भाकरीसंगट गरम गरम खाल्ली. तुझ्या बापानं तर दोनदा मागून घेतली. म्हणला, धुरपदे, कालच्यापरीस आज चांगली लागतीया."

"आण्णांना चिंचेचं काहीही चालायचं."

"काहीबी चालायचं. हाटेलातलं सांबारबी मिटक्या मारत खायचे."

आम्ही दोघी हसलो. बराच वेळ हसलो. त्या महिन्यात मी पहिल्यांदाच अशी हसले असेन. पुड्या संपल्या, मी उठले, दारापर्यंत गेले आणि तिथंच थबकले.

साडेपाचला बंद झालेली भट्टी, डिसेंबरातली थंडी, आणि सकाळी आठला आत ऊब.

"मावशी, येळवशीच्या दिवशी मुलामा दिलेला लॉट कुठला?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "पहिला शनिवारी. दुसरा रविवारी, घाई व्हती म्हणून आल्तो. सोमवारी येळवस." हातातली पुडी त्यांनी खाली ठेवली. "तिसरा, गं."

५

येळवशीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. आण्णांनीच पाठवलेला, तीस डिसेंबर, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. कडब्याची कोप, पुढं चुन्यानं रंगवलेले पाच दगड, आणि पंगतीत अख्खी शेड. रणधीर, धुरपदाबाई, बाकीचे सगळे. मधे आण्णा, ताकातल्या आंबिलीची पांढरी मिशी फुटलेले. नागप्पा वाढतोय. मी माणसं मोजली. शेडमध्ये कुणीही उरलं नव्हतं.

नागप्पा उमरग्याकडचा. मुलाम्याच्या टाक्या सांभाळून वाशीजवळ दोन एकर रान वाट्यानं करतो. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येची शेतातली पूजा आणि जेवण, आमच्याकडंही आहे, पण नागप्पासारखी कुणी करत नाही. सासुरवाडीहून भांडी येतात, आणि वाटेनं जाणाऱ्या माणसालाही हाताला धरून जेवायला बसवतात.

"काका, त्या दिवशी भट्टी कधी लावली?"

तो टाकीत काठी फिरवत होता. लपवायचं काही आहे असं त्याच्या चेहऱ्यावर कुठं नव्हतं.

"संध्याकाळी की, अक्का. सा वाजता."

"मुलामा तर सकाळी झाला होता."

"नऊलाच. भट्टीत टाकणार, तेवढ्यात आमच्या घरच्या मालकिणीचा फोन. आंबील तयार हाय, माणसं घेऊन या, सूर्य डोक्यावर यायच्या आत पूजा करायची हाय. भट्टी चालू करून सोडून जायची नाही, असा नियम. कुणीतरी थांबायला पाहिजे. आण्णा म्हणले, तुमी जावा, म्या थांबतो."

"मग?"

"मग काय. येळवशीला सगळी जेवायला आन् आण्णा एकटे पत्र्याखाली? माझ्या घशाखाली घास उतरला असता का, अक्का? म्या म्हणलो, तुमच्याबिगर पंगत बसायची नाही. डबा तसाच ठेवला, कुलूप लावलं, त्यांना हाताला धरून नेलं." तो हसला. "आंबील पाच वाट्या पिले."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी येऊन भट्टी लावली. तास कमी केला नाही. पुरे आठ तास भाजलं, म्या तितंच बसून व्हतो, दोन वाजता आपोआप बंद. इमानानं सांगतो. कागदात आठ तास लिवलंय, ते बघ."

त्यानं काठीनं भिंतीकडं दाखवलं. भट्टीशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवलेला कागद होता. कामाचे नियम, मराठीत, शाईच्या पेनानं लिहिलेले. मुलाम्यानंतर दोनशे अंशांवर आठ तास भट्टीत. सकाळी का संध्याकाळी, किती वेळाच्या आत, यातलं काहीच त्यात नव्हतं. नागप्पानं खरोखरच एकही नियम मोडला नव्हता.

मी कागद जवळून बघितला. अक्षर ओळखायला भिंग लागलं नाही. ते माझं होतं.

६

मूळ इंग्रजी कागद आण्णांच्या पत्र्याच्या पेटीत सापडला. कंपनीनं पहिल्या ऑर्डरीबरोबर पाठवलेला, नऊ पानी. आण्णांना इंग्रजी आकडे आणि मापं कळत, वाक्यं नाहीत.

चौथ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती. मुलाम्यानंतर चार तासांच्या आत स्प्रिंगा भट्टीत गेल्याच पाहिजेत. मुलाम्याच्या आधी तार आम्लातून निघते, तेव्हा हायड्रोजन वायू पोलादात शिरतो. वेळेत तापवलं तर तो निघून जातो. उशीर झाला तर आतल्या आत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा सुरू होतात, आणि मग कितीही तास भाजलं तरी त्या बुजत नाहीत. अशी स्प्रिंग त्या दिवशीच्या चाचणीत पास होते. ताणून ठेवली की काही दिवसांनी अचानक तुटते.

मी आण्णांच्या पेटीशेजारी जमिनीवर बसून ते तीनदा वाचलं. सगळं जुळत होतं. सात विरुद्ध सोळा, दोन ओरखडे, उबदार भट्टी. आण्णांनी एकतीस तारखेला चांगल्याच स्प्रिंगा पास केल्या होत्या. त्या दिवशी त्या चांगल्याच होत्या. कुठलाही माणूस, कितीही डोळ्यांत तेल घालून बघणारा, त्यांत दोष काढू शकला नसता.

माझ्या मराठी कागदावर ती टीप नव्हती.

"सापडलं का काही?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"सापडलं," मी म्हणाले. "आण्णा सुटले."

आई हातात उलथनं घेऊनच बाहेर आली. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिला हायड्रोजन कळला नाही, पण भज्जी कळली. ती डोळे पुसत हसायला लागली. "म्हणजे यांच्या आंबिलीपायी झालं हे. मी सांगत होते, दोन वाट्यांवर थांबत जा."

कागद कुणाच्या हातचा होता, ते मात्र मी तिला सांगितलं नाही.

७

रहस्यकथेत तर्क पुरतो. इंजिनिअर मॅडमना पुरावा लागला असता. मंगळवारी मी रणधीरला दहा स्प्रिंगा करायला सांगितलं. त्याच भेंडोळ्याची उरलेली तार, तोच मुलामा. बुधवारी पाच स्प्रिंगा साडेनऊला भट्टीत गेल्या. पाच नागप्पानं बाजूला ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आधीच्या पाच निघाल्यावर, त्याच दोनशे अंशांवर आठ तास भाजल्या. येळवशीपेक्षाही जास्त उशीर, पण मला निकाल सोमवारच्या आत हवा होता. शुक्रवारी सकाळी दहाही स्प्रिंगा मी आण्णांच्या ताणकाट्यावर ओढल्या. दहाच्या दहा पास.

"आता?" रणधीरनं विचारलं.

एका फळीवर खिळे ठोकून आम्ही त्या ताणून अडकवल्या. वर पाच वेळेवरच्या, खाली पाच उशिराच्या. फळी आण्णांच्या टेबलावर उभी केली. शुक्रवार गेला. काही झालं नाही. धुरपदाबाई येता-जाता फळीकडं बघून मान हलवायच्या.

शनिवारी दुपारी आम्ही सगळे जेवत होतो. टण्ण असा आवाज आला आणि काहीतरी पत्र्यावर जाऊन आपटलं.

सगळे ताटावरून उठले. खालच्या रांगेतली दुसरी स्प्रिंग मधोमध तुटली होती. रणधीर तोंडात घास तसाच ठेवून नाचायला लागला. आपल्याच शेडमधला माल तुटल्यावर एवढा खूश झालेला मालक मी पहिल्यांदाच बघितला.

"खालचीच हाय ना? नीट बघा, खालचीच हाय ना?"

"खालचीच हाय, बाबा," धुरपदाबाई म्हणाल्या. "आधी गीळ ते."

पाच वाजेपर्यंत आणखी एक गेली. रविवारी सुट्टी, तरी सगळे आले. कुणी चुरमुरे आणले, कुणी भुईमुगाच्या शेंगा. लोक क्रिकेटचा सामना बघतात तशी माणसं फळीपुढं बसली होती. टण्ण झालं की आरोळी. संध्याकाळपर्यंत खालच्या पाचांतल्या चार तुटल्या. वरच्या पाच, आण्णांच्या शब्दांत सांगायचं तर, जावयासारख्या ताठ बसल्या होत्या.

नागप्पा मात्र हसता हसता मधेच उठून टाकीपाशी जायचा. निघताना तो माझ्यापाशी आला.

"अक्का, आण्णा थांबतो म्हणले व्हते. म्या नेलं ओढून. उद्या बाईसाहेबांना माझं नाव सांग. माझं दस्तखत घे. मेलेल्या माणसावर नको."

८

राजेश्वरी मॅडम पन्नाशीच्या, कापडी पिशवी घेऊन आलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी फळी बघितली, तुटके तुकडे पिशवीत भरले, ओरखडे भिंगातून बघितले. मग धुरपदाबाईंना भज्जीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली.

"किती वाजता उघडली भट्टी?"

"आठला, बाईसायेब."

"आणि भज्जी नऊला गरम होती?"

"वाफ न्हवती येत, पण गरम व्हती. खोटं कशाला बोलू, देवाचं व्हतं ते."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "एवढा चांगला साक्षीदार मला कधी मिळाला नव्हता."

त्यांनी कागद काढला आणि लिहीत लिहीत मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या लॉटमधल्या ऐंशीच्या ऐंशी स्प्रिंगा बाद. बाकीचे चार लॉट महिनाभर ताणून बघायचे आणि टिकले तर वापरायचे. भट्टीजवळ नवा नियम लावायचा, आणि भट्टी लावल्याची वेळ रोज लिहायची. शेडचं नाव यादीत राहील. तपासनिसाची चाचणी योग्य होती.

शेवटचं वाक्य ऐकताना माझा हात पर्समधल्या चष्म्यावर होता. रणधीरनं डोळे पुसले आणि चहा आणतो म्हणून बाहेर पळाला.

"एक राहिलं," मॅडम म्हणाल्या. "नियमाच्या कागदात टीप नाही. का नाही, ते मला लिहावं लागेल."

"माझं लिवा, बाईसायेब," नागप्पा पुढं झाला. "डबा ठेवून जेवायला म्या गेलो. समद्यांना म्याच नेलं."

"तुम्ही कागदाप्रमाणंच वागलात. मी कागदाचं विचारतेय. हा मराठीत कुणी लिहिला?"

धुरपदाबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर फिरवली. अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं, लहानपणी माझी पाटी त्यांनी पुसलेली होती. त्या म्हणाल्या, "आण्णानीच आणून लावला व्हता. त्यांनीच लिवला असंल. इंग्रजीतलं एखादं ऱ्हायलं असंल, म्हाताऱ्या माणसाचं."

मॅडमनी मान डोलावली. त्यांच्या आवाजात दोष नव्हता. "समजू शकते. वडिलांचं अक्षर का हे?" असं मला विचारून त्यांनी पेन कागदावर टेकवलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. त्यांची चाचणी योग्य ठरली होती, आणि एक टीप राहिली यासाठी कुणी त्यांना नावं ठेवली नसती.

"नाही," मी म्हणाले. "माझं आहे."

पेन थांबलं.

"त्यांनी मला नऊ पानांचे फोटो पाठवले होते. कॉलेजात त्या दिवशी तपासणी समिती येणार होती, मी घाईत होते. चौथ्या पानावरची टीप मला दिसली होती, मॅडम. दिसली नाही असं नाही. बारीक अक्षर होतं, लांबलचक होती, टिपेत काय महत्त्वाचं असणार असं मी ठरवलं आणि गाळली. त्यांचा फोन आला. सगळं आलं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. बाकी सगळं ते ताणून बघायचे."

कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. खिडकीतून आण्णांच्या टेबलावर ऊन आलं होतं. मी मॅडमकडं न बघता त्या टेबलाकडं बघितलं.

"सगळं आलं नव्हतं, आण्णा," मी म्हणाले.